प्रिंटर अपडेट झाला आणि कार्ट्रिज चालेना : काय करावं, काय टाळावं

काल संध्याकाळपर्यंत नीट छापणारा प्रिंटर आज सकाळी कार्ट्रिज नाकारतो. कार्ट्रिज तेच, शाई अर्धीअधिक शिल्लक, कोणी कशाला हात लावलेला नाही. पडद्यावर मात्र सूचना येते, की या कार्ट्रिजवर कंपनीची चिप नाही, म्हणून प्रिंटरने ते अडवलं आहे. घरी, शाळेच्या कार्यालयात, झेरॉक्सच्या दुकानात असा प्रसंग आला की पहिला राग निघतो तो रिफिलवाल्यावर. अनेकदा त्याचा काहीही दोष नसतो. रात्रीतून प्रिंटरमध्ये इंटरनेटवरून नवं फर्मवेअर उतरलेलं असतं आणि कोणती चिप स्वीकारायची, याचा नियम त्या फर्मवेअरने बदललेला असतो.

फर्मवेअर म्हणजे प्रिंटरच्या आत कायम बसलेला प्रोग्राम. कागद कधी ओढायचा, हेड किती सरकवायचं, हे तोच ठरवतो. कार्ट्रिज उलटं करून पाहा. नखाएवढी एक छोटी पट्टी आणि तिच्यावर तांब्याचे चकचकीत ठिपके दिसतील. ती चिप. कार्ट्रिज बसवलं की प्रिंटरमधल्या पिना त्या ठिपक्यांना टेकतात आणि फर्मवेअर चिपची ओळख तपासतं. ओळख पटली नाही, तर आतली शाई कितीही उत्तम असो, छपाई सुरू होत नाही.

या प्रकाराचं सर्वांत गाजलेलं उदाहरण एचपीचं. १३ सप्टेंबर २०१६ रोजी जगभरातल्या ऑफिसजेट प्रिंटरांनी अचानक इतर कंपन्यांची कार्ट्रिजं नाकारायला सुरुवात केली. काही महिने आधी आलेल्या अपडेटमध्ये हा नियम होता आणि तो त्या दिवशी लागू झाला. ग्राहक खवळले, तेव्हा कंपनीने त्याच महिन्यात दिलगिरी व्यक्त केली आणि हा अडसर काढणारं वेगळं फर्मवेअर देऊ केलं. पण व्यवस्था मोडीत निघाली नाही. 'डायनॅमिक सिक्युरिटी' या नावाने ती आजही अनेक मॉडेलांत आहे आणि अपडेटगणिक बदलत राहते. चिपची तपासणी करणारी एचपी ही एकटी कंपनी नाही. तिच्याबद्दल सर्वाधिक खटले आणि आदेश झाले आहेत, म्हणून पुढची बरीच उदाहरणं तिची आहेत.

आधी नेमकं काय अडलंय ते ओळखा

पडद्यावर दिसणारी प्रत्येक सूचना म्हणजे बंदी नव्हे. घाईत नवं कार्ट्रिज आणण्याआधी त्या सूचनेचा मोबाइलवर फोटो काढा आणि ती शांतपणे वाचा. साधारण चार शक्यता असतात.

- नुसता इशारा. 'कार्ट्रिज वापरलेलं किंवा बनावट आहे', 'शाईची पातळी कळत नाही' असं लिहून खाली 'ओके' किंवा 'पुढे चला' असा पर्याय असतो. तो दाबला की छपाई चालू होते.
- चिपवरून अडवणूक. सूचनेत कंपनीची चिप नसल्याचा स्पष्ट उल्लेख असतो आणि पुढे जाण्याचा पर्याय नसतो. हा लेख मुख्यतः याच प्रकाराबद्दल आहे.
- कार्ट्रिजची राखण. एचपीच्या काही प्रिंटरांत 'कार्ट्रिज प्रोटेक्शन' नावाची सोय असते. ती चालू असताना बसवलेलं अस्सल कार्ट्रिज त्या एकाच प्रिंटरशी बांधलं जातं. नंतर ते रिफिल करून दुसऱ्या प्रिंटरला लावलं, तर चालत नाही.
- वर्गणीची अट. 'इन्स्टंट इंक'सारख्या योजनेत दरमहा पैसे भरून कार्ट्रिजं घरपोच येतात. वर्गणी बंद केली की शाई शिल्लक असूनही ती कार्ट्रिजं बंद पडतात. परदेशात राहणाऱ्या वाचकांना हा अनुभव जास्त येतो.

यांपैकी काहीच नसेल, तर चिपचे ठिपके कोरड्या, मऊ कापडाने पुसून कार्ट्रिज पुन्हा बसवा. धुळीमुळे किंवा सांडलेल्या शाईमुळेही ओळख पटत नाही.

आणखी एक फरक ध्यानात घ्या. बाजारात 'डुप्लिकेट' म्हणून जे काही विकलं जातं, त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. अस्सल कार्ट्रिज पुन्हा भरलेलं असेल, तर त्यावरची चिप कंपनीचीच राहते आणि डायनॅमिक सिक्युरिटी अशा चिपला अडवत नाही, असं एचपी स्वतःच सांगते. दुसरं 'कम्पॅटिबल', म्हणजे दुसऱ्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या चिपसह बनवलेलं. अपडेटने अडतं ते बहुधा हे. तिसरं बनावट, मोठ्या कंपनीच्या खोट्या खोक्यात भरलेलं. पहिली दोन घेण्यात काही गैर नाही. तिसरं विकणं ही फसवणूक आहे.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत रिफिलचा धंदा उभा राहिला तो जुन्या लेझर प्रिंटरांवर. कॅननचा एलबीपी २९०० किंवा एचपीचा एम१००५ अजून कितीतरी दुकानांत चालू आहे. एम१००५ मध्ये लागणाऱ्या १२ए कार्ट्रिजवर चिपच नाही. वापरलेली टोनरची भुकटी काढायची, नवी भरायची, ड्रम घासला असेल तर बदलायचा, की काम झालं. तुमच्याकडे असा प्रिंटर असेल, तर या लेखातली बहुतेक काळजी तुम्हाला लागू होत नाही. तो सांभाळून वापरा.

अपडेट कसं थांबवावं

कम्पॅटिबल कार्ट्रिज आज चालत असेल, तर हे काम आजच करा. बंदी आल्यावर करून उपयोग नाही.

टचस्क्रीन असलेल्या एचपी इंकजेटमध्ये सेटिंगमधून 'प्रिंटर मेंटेनन्स', तिथून 'अपडेट द प्रिंटर' आणि मग 'प्रिंटर अपडेट ऑप्शन्स' असं जावं. तिथे आपोआप अपडेट होण्याचा पर्याय बंद करावा. लेझरजेटमध्ये 'सर्व्हिस' या भागात 'लेझरजेट अपडेट' आणि त्याखाली 'मॅनेज अपडेट्स' असतं. तिथे आपोआप तपासणी बंद करता येते, अपडेटला परवानगी नाकारता येते आणि काही मॉडेलांत जुन्या फर्मवेअरवर परत जाण्याची मुभाही चालू ठेवता येते. मॉडेलनुसार नावं थोडी बदलतात.

पडदा नसलेल्या वायफाय प्रिंटरसाठी वेगळा रस्ता आहे. प्रिंटरचं नेटवर्क माहितीचं पान छापा. त्यावरचा आयपी क्रमांक त्याच वायफायवरच्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडेल. एचपीमध्ये त्यातल्या 'टूल्स'मध्ये फर्मवेअर अपडेटची सेटिंग आणि 'सेटिंग्ज'मध्ये कार्ट्रिज प्रोटेक्शन सापडतं. दोन्ही बंद करा. आत शिरलाच आहात, तर फर्मवेअरचा चालू आवृत्ती-क्रमांक वहीत लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर हा क्रमांक मोलाचा ठरेल.

एप्सनच्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरसोबत 'सॉफ्टवेअर अपडेटर' नावाचा प्रोग्राम येतो. त्याच्या सेटिंगमध्ये तपासणीची मुदत 'कधीच नाही' अशी ठेवता येते.

इथे हमखास चुकतं ते असं, की लोक प्रिंटरवर अपडेट बंद करतात, पण संगणकावरचं किंवा मोबाइलवरचं कंपनीचं ॲप विसरतात. 'नवं अपडेट उपलब्ध आहे' अशी चौकट ॲप दाखवतं, घरातलं कोणीतरी 'होय' म्हणतं आणि सगळं मुसळ केरात जातं. यूएसबी वायरने जोडलेला प्रिंटरही संगणकामार्फत अपडेट होऊ शकतो. म्हणून प्रिंटर जेवढी माणसं वापरतात, त्या सगळ्यांना सांगून ठेवा. दुकानात किंवा शाळेत तर प्रिंटरवर चिठ्ठीच चिकटवा : विचारल्याशिवाय अपडेट करू नये.

अपडेट थांबवण्याचीही किंमत असते

ही बाजू सांगितल्याशिवाय वरचा सल्ला देणं बरोबर नाही. सगळीच अपडेटं कार्ट्रिज अडवण्यासाठी नसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफ-सिक्युअर या कंपनीच्या संशोधकांनी एचपीच्या दीडशेहून अधिक मॉडेलांतल्या गंभीर त्रुटी उघड केल्या. त्यांतून बाहेरचा माणूस कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये शिरू शकत होता. त्या त्रुटींवरचा उपाय फर्मवेअर अपडेट हाच होता. ग्राहकाला ज्याची खरी गरज आहे ते संरक्षण आणि कंपनीच्या विक्रीला ज्याची गरज आहे ती बंदी, दोन्ही एकाच पुडक्यात बांधून पाठवली जातात, हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा अन्याय आहे. एक हवं तर दुसरं घ्यावंच लागतं.

घरी एकच संगणक असेल, तर सरळ मार्ग म्हणजे प्रिंटरचं वायफाय बंद करून तो यूएसबीने वापरणं. इंटरनेटवर नसलेल्या प्रिंटरला बाहेरून धोका कमी आणि परस्पर अपडेट येण्याची शक्यताही कमी. बँक, रुग्णालय, वकिलाचं कार्यालय अशा ठिकाणी, जिथे कागदपत्रं नाजूक असतात आणि अनेक यंत्रं एका जाळ्यात असतात, तिथे मात्र अपडेट रोखून धरू नका. तिथे अस्सल कार्ट्रिजचा खर्च सोसावा, नाहीतर चिपचं बंधन नसलेला प्रिंटर घ्यावा.

अपडेटने प्रिंटर बिघडल्याचीही उदाहरणं आहेत. मे २०२३ मध्ये एका अपडेटनंतर ऑफिसजेट प्रो ९०२० मालिकेतले प्रिंटर निळा पडदा आणि त्रुटीचा क्रमांक दाखवून पूर्ण ठप्प झाले होते. त्यात कार्ट्रिज कोणाचं आहे, याचा काही संबंध नव्हता. अपडेट करायचंच ठरलं, तर हातात महत्त्वाचं छपाईचं काम नसताना करा.

कार्ट्रिज अडलंच, तर

सर्वांत आधी विक्रेत्याला गाठा. कम्पॅटिबल कार्ट्रिज बनवणारे नव्या फर्मवेअरला चालतील अशा सुधारित चिपा आणत असतात आणि चांगला विक्रेता कार्ट्रिज बदलून देतो. म्हणूनच अशी खरेदी पक्क्या बिलावरच करा आणि 'अपडेटनंतर चालेनासं झालं तर बदलून देऊ' हे बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेतलं असेल, तर परतीची मुदत तपासा. एकदम सहा कार्ट्रिजांचा साठा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. एका अपडेटने सगळा साठा वाया जाऊ शकतो.

दुसरा पर्याय म्हणजे रिकामी झालेली अस्सल कार्ट्रिजं फेकून न देता तीच भरून घेणं. मूळ चिप शाबूत असते, त्यामुळे शाईची पातळी चुकीची दिसली तरी छपाई बहुधा होते. याला अपवाद वर सांगितलेल्या कार्ट्रिज प्रोटेक्शनचा : तसं बांधलेलं कार्ट्रिज भरून दुसऱ्या प्रिंटरला चालत नाही.

तिसरा पर्याय, जुनं फर्मवेअर परत टाकणं. कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी अशी सोय दिली असेल, तरच या वाटेला जा. अनेक नवी मॉडेलं मागे जाऊ देत नाहीत. भलत्याच संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल प्रिंटरमध्ये टाकणं धोक्याचं आहे. ती अर्ध्यावर अडकली, तर प्रिंटर कायमचा निकामी होतो. काही लेझर प्रिंटरांसाठी 'चिपलेस' फर्मवेअर टाकून देणारेही बाजारात भेटतात. त्याला कंपनीची मान्यता नसते. वॉरंटी चालू असलेल्या प्रिंटरवर हा प्रयोग करू नका. वॉरंटी संपलेल्या जुन्या यंत्रावर करायचाच असेल, तर बिघाडाची जबाबदारी कोणाची, हे आधी लेखी ठरवा.

हे सगळं अशक्य असेल आणि उद्या परीक्षेचा अर्ज छापायचा असेल, तर एक अस्सल कार्ट्रिज आणून काम उरका. त्याचं बिल मात्र जपून ठेवा. नुकसानभरपाई मागताना तो खर्च दाखवता येतो.

नवा प्रिंटर घेणार असाल, तर

खोक्यावरची किंमत पाहून प्रिंटर घेऊ नका. इंकजेट प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि पुढे कार्ट्रिजांतून पैसा कमवायचा, हे या धंद्याचं जुनं गणित आहे आणि एचपीच्या प्रमुखांनी २०२४ मध्ये वृत्तवाहिनीच्या मुलाखतीत ते उघड मान्यही केलं. हिशोब पानामागे करा. समजा, कार्ट्रिज ८०० रुपयांचं आहे आणि त्यावर २०० पानं निघतात, तर शाईचाच खर्च पानाला ४ रुपये पडतो. पानांचा आकडा उत्पादनाच्या माहितीत दिलेला असतो. प्रिंटरसोबत येणारं पहिलं कार्ट्रिज अनेकदा अर्धवट भरलेलं असतं, त्यावरून अंदाज बांधू नका.

महिन्याला बऱ्यापैकी छपाई असेल, तर टाकीचा प्रिंटर हा आज सर्वांत सरळ पर्याय आहे. एप्सनने असा प्रिंटर २०१० साली पहिल्यांदा इंडोनेशियात आणला. तिथे लोक साध्या प्रिंटरला बाहेरून शाईच्या बाटल्या आणि नळ्या जोडून काम चालवत होते. ग्राहकांची ती गरज कंपनीने ओळखली. आता कॅनन, ब्रदर आणि एचपीचेही टाकीवाले प्रिंटर मिळतात. बाटलीतून टाकीत शाई ओतायची असल्याने त्यात कार्ट्रिजच्या चिपचा अडसर नसतो. किंमत सुरुवातीला जास्त पडते. प्रिंटर आठवडेच्या आठवडे बंद राहिला, तर हेडमध्ये शाई सुकते, म्हणून आठवड्यातून एखादं रंगीत पान छापावं. हेड साफ होताना वाया जाणारी शाई शोषणारा पॅड कालांतराने भरतो. तो बदलायला किती खर्च येतो आणि तुमच्या गावात बदलून मिळतो का, हे खरेदीआधीच विचारा.

महिनोन्‌महिने प्रिंटरकडे पाहायची वेळ येत नसेल, तर काळा-पांढरा लेझर बरा. टोनर सुकत नाही.

दुकानात किंवा ऑनलाइन घेताना एवढं विचाराच :

- 'डायनॅमिक सिक्युरिटी' किंवा 'फक्त कंपनीची चिप असलेल्या कार्ट्रिजवर चालतो' असं खोक्यावर किंवा उत्पादनाच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं आहे का?
- एचपीच्या मॉडेलच्या नावाअखेरीस इंग्रजी 'ई' आहे का? ते 'एचपी प्लस' योजनेचं चिन्ह आहे. २०२० मध्ये आलेली ही योजना स्वीकारली, की प्रिंटर कायम इंटरनेटला जोडलेला ठेवण्याची आणि केवळ अस्सल शाई वापरण्याची अट लागू होते. वाढीव वॉरंटीच्या मोहाने सुरुवातीच्या चौकटीत 'मान्य' दाबू नका.
- अपडेट कायमचं बंद ठेवता येतं का? विक्रेत्याला प्रात्यक्षिक करून दाखवायला सांगा.

तुमचे हक्क काय?

कंपन्यांचा युक्तिवाद असा, की अनोळखी चिपमुळे दर्जा आणि सुरक्षितता धोक्यात येते. निकृष्ट शाईने हेड तुंबतं, हे खरंच आहे. पण चिप नसली म्हणून छपाई अशक्य होत नाही. २०२२ च्या सुरुवातीला चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा कॅननलाच आपली टोनर कार्ट्रिजं चिपशिवाय विकावी लागली आणि येणारी सूचना बाजूला सारून छपाई कशी करायची, हे जर्मनीतल्या ग्राहकांना कंपनीनेच समजावून सांगितलं.

परदेशात ग्राहकांनी भांडून बरंच मिळवलं आहे. अमेरिकेत २०१६ च्या प्रकाराबद्दल एचपीने २०१८ मध्ये १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये तिला १ कोटी युरोंचा दंड ठोठावला. कार्ट्रिजवरच्या मर्यादा ग्राहकांना नीट सांगितल्या नाहीत, हा एक ठपका होता. दुसरा अधिक गंभीर होता : कोणती कार्ट्रिजं वापरली, याची नोंद फर्मवेअर ग्राहकाच्या नकळत ठेवतं आणि ती हमी नाकारण्यासाठी वापरली जाते. बेल्जियम, इटली, स्पेन आणि पोर्तुगाल इथल्या ग्राहकांसाठी २०२२ मध्ये भरपाईची तडजोड झाली. कॅलिफोर्नियातल्या खटल्यात २०२५ मध्ये झालेल्या तडजोडीत ग्राहकांना पैसे मिळाले नाहीत, पण २१ लेझर मॉडेलांच्या मालकांना बंदी घालणारं अपडेट नाकारण्याची मुभा मिळाली. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांनी हेही लक्षात ठेवावं, की तिथल्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ दुसऱ्याची शाई वापरली, या कारणावरून वॉरंटी रद्द करता येत नाही. बिघाड त्या शाईमुळेच झाला, हे कंपनीला दाखवावं लागतं.

भारतात तुमच्या हाताशी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. एक वस्तू वापरण्यासाठी दुसरी घेण्याची सक्ती करणं हे 'प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथे'त मोडू शकतं. त्याची व्याख्या कलम २(४१) मध्ये आहे. अट लपवून माल विकला असेल, तर 'अनुचित व्यापारी प्रथे'चा मुद्दाही घेता येतो. तो कलम २(४७) मध्ये आहे. झेरॉक्सचं छोटं दुकान किंवा सेवा केंद्र स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवणारी व्यक्तीही या कायद्यात ग्राहक ठरते. 'दुकानासाठी घेतला म्हणून तक्रार चालणार नाही' असं कोणी सांगितलं, तर माघार घेऊ नका.

आपल्याकडचा एक आदेश इथे आधाराला घेण्यासारखा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणाऱ्या १४ कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला होता. बाहेरच्या मेकॅनिककडे गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्यात बजावलं होतं. त्या आदेशाला पुढे आव्हान दिलं गेलं आणि तो मोटारींपुरता आहे. पण एकदा विकलेल्या वस्तूवर कंपनीचा ताबा कुठवर चालावा, हा प्रश्न तिथेही हाच होता.

तक्रारीची वाट अशी :

1. कंपनीला ईमेल करा. मॉडेल, अनुक्रमांक, खरेदीची तारीख, अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा फर्मवेअर क्रमांक, पडद्याचा फोटो आणि बिल जोडा. मागणी स्पष्ट लिहा : बंदी काढणारं फर्मवेअर द्या किंवा निरुपयोगी झालेल्या कार्ट्रिजची किंमत भरून द्या.
2. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. तिथे मराठीत बोलता येतं.
3. तरीही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील देणं सक्तीचं नाही. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता, त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

एकाच शाळेतल्या, सोसायटीतल्या किंवा बाजारपेठेतल्या अनेकांना एकाच अपडेटचा फटका बसला असेल, तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रारही करता येते. एका कार्ट्रिजच्या किमतीसाठी कोण खेटे घालणार, या विचाराने माणसं गप्प बसतात. एकत्र आल्याने ती अडचण बरीच हलकी होते.

आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत घटना घडल्यापासून २ वर्षांची आहे. पडद्याचा फोटो मात्र त्याच दिवशी काढा. पुढचं अपडेट आलं, की ती सूचना दिसेलच असं नाही.